'डार्कल': कोशकाराला न सापडलेलं क्रियापद

इंग्रजी साहित्य शिकणाऱ्याला 'डार्कलिंग' हा शब्द कधी ना कधी अडवतोच. कीट्सच्या 'ओड टू अ नाइटिंगेल'मध्ये तो आहे, मॅथ्यू अर्नल्डच्या 'डोव्हर बीच'मध्ये आहे, आणि टॉमस हार्डीच्या 'द डार्कलिंग थ्रश'मध्ये तर शीर्षकातच आहे. शब्दाच्या शेवटी 'इंग' दिसतं. शाळेपासून आपल्याला शिकवलेलं असतं की 'इंग' आलं म्हणजे क्रियापद आलं: 'रनिंग' म्हणजे धावणारा, 'सिंगिंग' म्हणजे गाणारा. त्या हिशेबाने 'डार्कलिंग' म्हणजे 'डार्कल' ही क्रिया करणारा, अंधारत जाणारा. सरळ वाटणारं गणित आहे, आणि बहुतेक वाचक ते करून पुढच्या ओळीकडे जातात.

इतिहास मात्र बरोबर उलटा आहे. 'डार्कलिंग' पंधराव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि तेव्हा त्याच्या मागे कुठलंही क्रियापद नव्हतं. 'डार्कल' हे क्रियापद छापील कवितेत दिसू लागलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, आणि ते 'डार्कलिंग'मधूनच निघालं. हे घडलं कसं, हे कळलं की एका दुर्मीळ शब्दाचा अर्थ तर उलगडतोच, पण वरच्या तिन्ही कविता वेगळ्या ऐकू येऊ लागतात. माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे.

विसरला गेलेला प्रत्यय

जुन्या इंग्रजीत 'लिंग' असा एक प्रत्यय होता. उच्चार 'डकलिंग'मधल्यासारखा, पण 'डकलिंग'मधला 'लिंग' वेगळा. तो नामं करतो आणि बहुतेकदा लहानपणा दाखवतो: 'डक'चं पिल्लू ते 'डकलिंग'. आपल्याला हवा तो दुसरा 'लिंग' क्रियाविशेषणं करायचा. एखादी गोष्ट कोणत्या दिशेने, कोणत्या स्थितीत, कशा तऱ्हेने घडते, ते तो सांगायचा. 'साइड' म्हणजे बाजू. 'साइडलिंग' म्हणजे बाजूने, तिरकं. 'हेड' म्हणजे डोकं. 'हेडलिंग' म्हणजे डोकं पुढे घालून. 'फ्लॅट'पासून 'फ्लॅटलिंग' म्हणजे सपाट बाजूने. याच ओळीतलं 'डार्कलिंग', म्हणजे अंधारात, उजेडाविना असलेल्या स्थितीत.

इथे एक गोष्ट पक्की धरायची: या मूळ अर्थात काहीच घडत नाही. आकाश काळं होत नाही, दिवस मावळत नाही. कोणीतरी अंधारात आहे, एवढंच. मराठीत 'उपाशी झोपला' म्हणताना 'उपाशी' हा शब्द झोपणाऱ्याची स्थिती सांगतो. 'उपाशणे' असं क्रियापद आपण त्यामागे शोधत नाही. 'डार्कलिंग'चं काम तेच होतं.

शेक्सपिअरने तो असाच वापरला आहे. 'किंग लिअर'मध्ये विदूषक म्हणतो की मेणबत्ती विझली आणि आपण 'डार्कलिंग' राहिलो. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये रानात एकटी पडलेली हेलेना विचारते, मला 'डार्कलिंग' सोडून जाणार का? दोन्ही ठिकाणी अर्थ 'अंधारात' हाच.

पुढे हा प्रत्यय मेला. नवे शब्द त्याने घडेनासे झाले, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाला तो प्रत्यय म्हणून ओळखूच येईनासा झाला. प्रत्यय मेला तरी त्याने घडवलेले शब्द जिवंत राहतात, आणि लोक त्यांचा आपापल्या परीने अर्थ लावतात. काहींना त्यात 'लाँग' ऐकू आलं: 'हेडलिंग'चं 'हेडलाँग' झालं, 'साइडलिंग'चं 'साइडलाँग'. आजही इंग्रजीत हीच रूपं चालतात, त्यांचा लांबीशी काही संबंध नसताना. बाकीच्यांना त्याच जागी ओळखीचं 'इंग' ऐकू आलं. आपली गोष्ट या दुसऱ्या ऐकण्यातून सुरू होते.

जॉन्सनची शंका

सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस हजारांहून अधिक शब्द, आणि अर्थाच्या पुष्ट्यर्थ मोठ्या लेखकांची हजारो अवतरणं. जॉन्सनची पद्धत वाचनाची होती. पुस्तकं वाचायची, ओळींवर खुणा करायच्या, मदतनिसांनी त्या उतरवून घ्यायच्या. असा माणूस 'मला हा शब्द सापडला नाही' असं लिहितो तेव्हा त्या वाक्याला वजन असतं.

'डार्कलिंग'च्या नोंदीत त्याने नेमकं तेच लिहिलं आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: हे 'डार्कल'चं धातुसाधित असावंसं वाटतं, पण ते 'डार्कल' मला अजून कुठे सापडलेलं नाही, किंवा 'यंग'वरून 'यंगलिंग' व्हावं तसं 'डार्क'वरून झालेलं हे लघुत्वदर्शक रूप असेल. मग अर्थ दिला आहे: अंधारात असलेला, उजेडाविना; आणि शेरा मारला आहे: केवळ काव्यातला शब्द.

मला ही नोंद फार आवडते. अर्थ त्याने अचूक दिला आहे. व्युत्पत्तीच्या दोन्ही वाटा चुकल्या आहेत, आणि दोन्ही चुकांचं कारण एकच: क्रियाविशेषण घडवणारा 'लिंग' तोवर इतका पुसला गेला होता की जॉन्सनसारख्या जाणत्यालाही तो आठवला नाही. पहिल्या वाटेवर त्याने 'इंग' पाहिलं, दुसऱ्या वाटेवर पिल्लांचा 'लिंग'. आणि तरीही जो शब्द त्याला सापडला नव्हता तो सापडला नाही असं त्याने नोंदवून ठेवलं. अंदाजाला पुरावा म्हणून पुढे केलं नाही.

गंमत म्हणजे हा शब्द त्याच्या स्वतःच्या लेखणीत होता. १७४९ मधल्या 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस' या दीर्घ कवितेत तो विचारतो: असहाय माणसाने अज्ञानातच निवांत राहून आपल्या नियतीच्या लोंढ्यातून 'डार्कलिंग' वाहत जायचं का? म्हणजे अंधारात, पुढचं काही न दिसता. कवी म्हणून त्याने शब्द जुन्या, योग्य अर्थाने वापरला; कोशकार म्हणून त्याची फोड करताना तो अडखळला. भाषा येणं आणि भाषेची घडण सांगता येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे याहून चांगलं कुठे दिसणार?

झाकण आधी, भांडं नंतर

जे घडलं त्याला भाषाशास्त्रात 'बॅक-फॉर्मेशन' म्हणतात. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८८९ च्या सुमारास हे नाव रूढ केलं. आपण 'उलटी घडण' म्हणू.

शब्द साधारणपणे मुळाकडून फांदीकडे वाढतात. आधी 'हसणे', मग 'हसत', 'हसरा'. उलट्या घडणीत फांदी आधी दिसते आणि तिला मूळ असलंच पाहिजे अशा समजुतीने लोक मूळ बनवतात. घरात एखादं सुटं झाकण सापडावं, त्याचं भांडं कधी नव्हतंच, पण झाकण आहे म्हणजे भांडं असणारच असं धरून त्या मापाचं भांडं घडवून घ्यावं, तसा हा प्रकार. एकदा घडवलं की भांडं खरं असतं. त्यात पाणी राहतं.

मराठीतून कल्पना करून पाहू. 'हसत' हे 'हसणे'वरून आलं, 'बोलत' हे 'बोलणे'वरून. 'सतत' या शब्दाच्याही शेवटी 'त' आहे. कोणी म्हणालं की 'सतत' हे 'सतणे'वरून आलं, तर आपण हसू, कारण 'सतत' संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे हे माहीत असतं. पण हे माहीत नसलेल्या एखाद्या कवीने 'पाऊस तीन दिवस सतला' अशी ओळ लिहिली, ती लोकांना आवडली, आणखी चार कवींनी तो शब्द उचलला, तर? पन्नास वर्षांनी 'सतणे' कोशात असेल, पुढे कंसात 'काव्यात' असं लिहिलेलं. 'डार्कल'चं हेच झालं.

आणि ते एकटं नाही. 'साइडलिंग'मधूनही असंच 'साइडल' हे क्रियापद सतराव्या शतकात निघालं: हळूच, तिरकं, अंग चोरून सरकणे. 'ग्रोव्हलिंग' म्हणजे तोंड जमिनीकडे करून, पालथं. त्यातून 'ग्रोव्हल', म्हणजे लोटांगण घालणे, लाचारी करणे. हे शेवटचं क्रियापद शेक्सपिअरच्या सुरुवातीच्या नाटकांत दिसतं. आजच्या इंग्रजीत ही दोन्ही रोजची आहेत. त्यांचा जन्म गैरसमजातून झाला हे वापरणाऱ्याच्या गावीही नसतं.

मग 'डार्कल' त्यांच्यासारखं रोजच्या वापरात का आलं नाही? माझ्या मते, 'साइडल' आणि 'ग्रोव्हल' यांनी रिकाम्या जागा भरल्या. अंग चोरून सरकण्याला नेमका शब्द नव्हता, तो मिळाला. अंधारण्याला मात्र 'डार्कन' हा शब्द शतकानुशतकं बसलेला होता. 'डार्कल'ला बाजारात जागा नव्हती. ती मिळाली फक्त कवितेत.

बायरन आणि 'स्पार्कल'ची सोबत

कवितेत ती का मिळाली, हे बायरनकडे पाहिलं की समजतं. १८१६ साली लिहिलेल्या 'डार्कनेस' या कवितेत तो जुनाच शब्द जुन्याच अर्थाने वापरतो: सूर्य विझला आहे आणि तारे अनंत अवकाशात 'डार्कलिंग' भटकत आहेत. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता, आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. बायरन तेव्हा जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहत होता. त्या कवितेतला अंधार कल्पनेचा असला तरी त्याला खऱ्या आकाशाचा आधार होता.

सात वर्षांनी, १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॉन जुआन'च्या सहाव्या सर्गात नवं क्रियापद येतं. एका मानी सुलतानाबाईचा राग चढत चालला आहे. गाल लाल होऊ लागतात, डोळे 'स्पार्कल' करू लागतात, आणि अभिमानी कपाळावरच्या निळ्या शिरा फुगून 'डार्कल' होऊ लागतात. 'स्पार्कल' आणि 'डार्कल' हे त्या कडव्याच्या शेवटचं यमक आहे.

ते यमक म्हणजे नुसती सोय नाही. 'स्पार्क' म्हणजे ठिणगी. 'स्पार्कल' म्हणजे ठिणग्यांसारखं पुन्हा पुन्हा चमकणं. त्यातला शेवटचा 'ल' हा इंग्रजीतला वारंवारता दाखवणारा प्रत्यय आहे: 'ट्विंकल', 'क्रॅकल', 'डॅझल'. मराठी हे काम शब्द दुणावून करते: लुकलुकणे, चमचमणे, तडतडणे, मिणमिणणे. इंग्रजीत तेच काम हा शेवटचा 'ल' करतो. म्हणून 'डार्क'ला 'ल' लागलेला कानावर पडला की इंग्रजी वाचकाला ते घडवलेलं क्रियापद परकं वाटत नाही. स्पार्क, स्पार्कल, तर डार्क, डार्कल. चुकून निघालेल्या शब्दाला भाषेत आधीपासून तयार असलेला साचा मिळाला, आणि त्यात तो चपखल बसला. अपघाती शब्द टिकतात ते बहुधा असेच: मागचा इतिहास खोटा असला तरी रूप खरं वाटतं.

अर्थ नेमका काय?

कोशांत 'डार्कल'चे साधारण तीन अर्थ मिळतात. एक, अंधारात असणे, अस्पष्ट दिसणे. हा 'डार्कलिंग'चा थेट वारसा. दोन, अंधारत जाणे. हा क्रियापद झाल्यामुळे आलेला नवा अर्थ. तीन, चेहरा किंवा नजर काळवंडणे, रागाने वा खिन्नतेने; हा बायरनचा.

मराठी अनुवादकाला इथे खरं तर श्रीमंती आहे. दुसऱ्या अर्थाला 'अंधारून येणे' आहे, आणि ढगांमुळे असेल तर 'झाकोळणे'. तिसऱ्याला 'काळवंडणे' आहे. पहिल्याला एक शब्द चटकन मिळत नाही. 'काळोखात असणे' म्हणूनच भागवावं लागतं. एकच मराठी शब्द सगळीकडे बसवण्याचा हट्ट मात्र धरू नये, कारण इंग्रजीतच हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वागतो.

'पण मग हा शब्द चुकीचाच की'

ही शंका रास्त आहे. गैरसमजातून निघालेला शब्द शुद्ध कसा?

पहिलं उत्तर रोजच्या व्यवहारातलं. आपण फोटो 'एडिट' करतो. इंग्रजीत आधी 'एडिटर' आला, सतराव्या शतकात. त्यातून 'एडिट' निघालं ते अठराव्या शतकाच्या अखेरीकडे. डॉक्टर आजार 'डायग्नोज' करतात. तेही 'डायग्नोसिस'मधून मागाहून काढलेलं आहे. वाटाण्याला इंग्रजीत 'पीज' असा एकवचनी शब्द होता. शेवटचा 'ज' अनेकवचनाचा असावा असं वाटून लोकांनी 'पी' हा एक दाणा वेगळा काढला. हे शब्द चुकीचे ठरवायचे तर इंग्रजीचा बराच भाग रिकामा करावा लागेल.

दुसरं उत्तर आपल्या घरातलं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

'असुर' हा शब्द घ्या. ऋग्वेदात वरुण, अग्नी, इंद्र अशा देवांना 'असुर' म्हटलं आहे. अर्थ स्वामी, सामर्थ्यवान. इराणी शाखेत हाच शब्द 'अहुर' झाला, आणि पारशी धर्मातल्या परमेश्वराचं नाव 'अहुर मज्द' त्यातूनच आलं. आपल्याकडे पुढे 'असुर'चा अर्थ देवांचा शत्रू असा फिरला, आणि सुरुवातीचा 'अ' नकाराचा वाटू लागला: अधर्म, अज्ञान यांतल्यासारखा. तसं असेल तर 'अ' काढल्यावर उरणारा 'सुर' म्हणजे देव! ऋग्वेदात देव या अर्थाचा 'सुर' नाही. तो नंतर, 'असुर'मधून काढला गेला. आज आपण 'सुरासुर' म्हणतो, 'सुरवर' म्हणतो, आरत्यांत गातो.

'विधवा'ची गोष्ट याहून विलक्षण आहे. हा शब्द फार जुना. लॅटिनमधला 'विदुआ', इंग्रजीतला 'विडो' हे त्याचे सख्खे. मुळात अर्थ वेगळी पडलेली, रिकामी झालेली असा. संस्कृतात मात्र सुरुवातीचा 'वि' उपसर्ग वाटला, 'विना'मधल्यासारखा. मग उरलेला 'धव' म्हणजे काय? नवरा! यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, 'विधवा'ची जी स्पष्टीकरणं आहेत त्यांत हेही आहे: धव हे मनुष्याचं नाव, त्याच्या वियोगाने ती विधवा. असा 'धव' जन्माला आला, आणि त्याच्यापासून 'सधवा' घडला, जो मराठीत आजही वापरात आहे. 'माधव'ची पारंपरिक फोड 'मा' म्हणजे लक्ष्मी, तिचा 'धव' अशी केली जाते, तीही याच धवावर उभी आहे.

आणि तिसरा शब्द तर थेट अंधाराशी नातं सांगणारा: 'असित', म्हणजे काळा. चिनाब नदीचं ऋग्वेदातलं नाव 'असिक्नी', म्हणजे काळसर, याच घरातलं. शिवमहिम्न स्तोत्र म्हणणाऱ्यांना 'असितगिरिसमं' तोंडपाठ असतं: काळ्या डोंगराएवढं काजळ. यातलाही 'अ' मुळात नकाराचा नव्हता. पण तो तसा वाटला, आणि 'सित' म्हणजे पांढरा हा शब्द त्यातून निघाला. काळोखाच्या शब्दाला कात्री लावून उजेडाचा शब्द मिळाला.

सुर, धव, सित. या शब्दांना कोणी अशुद्ध म्हणत नाही. त्यांच्यात कविता झाली, स्तोत्रं झाली, नावं ठेवली गेली. शब्दाची शुद्धता त्याच्या जन्माच्या कागदपत्रांवर ठरत नसते. तो किती लोकांनी किती काळ अर्थपूर्ण वापरला यावर ठरते.

'मग अर्थ कोणताही लावला तरी चालेल का?'

इथे मात्र मी ठाम आहे: नाही. शब्द वापरात बदलतो हे खरं, पण कीट्सच्या १८१९ मधल्या ओळीला नंतर रुळलेला अर्थ चिकटवला तर कवितेचं नुकसान होतं.

कीट्सची ओळ 'डार्कलिंग आय लिसन'. तिचा अर्थ 'अंधारत जात मी ऐकतो' असा घेतला तर ती एक धूसर, भावुक प्रतिमा होते. पण त्याआधीचं कडवं पाहा. कवी म्हणतो, माझ्या पायाशी कोणती फुलं आहेत ते मला दिसत नाही. मग तो वासावरून अंदाज करतो: हॉथॉर्न, रानगुलाब, पानाआड लपलेली व्हायोलेट. अंधार पूर्ण आहे. डोळे निकामी झाले आहेत, म्हणून आधी नाक आणि मग कान कामाला लागले. 'डार्कलिंग आय लिसन' म्हणजे अंधारात उभा राहून मी ऐकतो आहे. दिसत नाही म्हणून ऐकतो. जुना अर्थ घेतला की दोन्ही कडवी एकमेकांत गुंततात.

कीट्सच्या मागे मिल्टन आहे. 'पॅरडाइज लॉस्ट'च्या तिसऱ्या सर्गात, १६६७ साली, रात्री जागणारा पक्षी 'डार्कलिंग' गातो, दाट सावलीत लपून. हा नाइटिंगेल मिल्टनने स्वतःसाठी घेतला आहे: तो १६५२ पर्यंत पूर्ण आंधळा झाला होता, आणि हे महाकाव्य त्याने सांगून लिहवून घेतलं. ज्याला उजेड परत दिसणारच नाही त्याच्यासाठी 'अंधारत जाणं' उरलेलं नाही. तो अंधारात आहे, आणि तिथूनच गातो आहे. कीट्सने नाइटिंगेल घेतला, 'डार्कलिंग' घेतलं, आणि जागा बदलली: मिल्टनमध्ये गाणारा अंधारात आहे, कीट्समध्ये ऐकणारा. हा बदल टिपायचा तर शब्दाचा नेमका अर्थ हातात हवा.

अर्नल्डच्या 'डोव्हर बीच'मध्ये, १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या, 'डार्कलिंग' विशेषण झालं आहे: 'डार्कलिंग प्लेन', मैदान. अंधारत जाणारं की अंधारातलं? शेवटच्या ओळीत अडाणी सैन्यं रात्री एकमेकांवर आदळतात. म्हणजे रात्र झालेलीच आहे. या प्रतिमेच्या मागे इ.स.पूर्व ४१३ मधली सिराक्यूजजवळची एपिपोलीची लढाई असल्याचं मानलं जातं. प्राचीन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीजने तिचं वर्णन केलं आहे. काळोखात अथेन्सच्या सैनिकांना आपला कोण आणि शत्रू कोण ते ओळखेना. अर्नल्डच्या वडिलांनी थुसिडिडीजचं संपादन केलं होतं, तेव्हा ही लढाई त्याला घरातूनच माहीत असणार. त्या लढाईतली भीती संध्याकाळची नाही, मध्यरात्रीची आहे. इथेही जुना अर्थ जिंकतो.

हार्डीपाशी मात्र मी थांबतो आणि दोन्ही अर्थ मान्य करतो. कवितेखाली तारीख आहे ३१ डिसेंबर १९००. हिवाळ्यातली सांज, दिवसाचा डोळा क्षीण होत चाललेला, आणि एक म्हातारा, किरकोळ थ्रश पक्षी वाढत जाणाऱ्या उदासीवर आपला जीव ओतून गातो आहे. 'वाढत जाणाऱ्या' हे विशेषण हार्डीचंच आहे. म्हणजे अंधार आहे आणि तो वाढतोही आहे. शिवाय तोवर 'डार्कल' क्रियापद रुळून काही दशकं झाली होती. हार्डीच्या कानात दोन्ही आवाज असणार. मिल्टनचा पक्षी अंधारात गातो. हार्डीचा थ्रश अंधारात आहे, आणि वयाने स्वतःही अंधारत चालला आहे. एकोणिसाव्या शतकाआधी हे शीर्षक दुहेरी झालं नसतं. मागाहून आलेल्या क्रियापदाने जुन्या शब्दाला नवी खोली दिली.

'डार्कन' असताना हे कशाला?

कारण दोघांचा स्वभाव वेगळा. 'डार्कन' साधा, कामाचा शब्द आहे: खोली अंधारी करता येते, रंग गडद करता येतो. 'डार्कल' सहसा स्वतःहून होतं, कोणी करत नाही. आणि त्या 'ल'मुळे त्यात एक हलतं, अस्थिर काहीतरी असतं, विझता विझता पुन्हा धुमसणारं. बायरनच्या त्या बाईच्या कपाळावरच्या शिरांना 'डार्कन' लावून पाहा. राग थंड होतो.

हा स्वभाव जेम्स जॉइसने १९३९ मध्ये पुरेपूर वापरला. 'फिनेगन्स वेक'मध्ये मुलांचा संध्याकाळचा खेळ संपत आला आहे, आणि वाक्य येतं: 'इट डार्कल्स'. त्यातलं 'इट' कोण? कोणीच नाही. इंग्रजीला कर्त्याशिवाय वाक्य उभं करता येत नाही म्हणून ते घातलेलं आहे, 'इट रेन्स'मध्ये घालतात तसं. मराठीला त्याची गरजच नाही. आपल्या व्याकरणात याला भावकर्तृक क्रियापद म्हणतात, आणि शाळेतली उदाहरणं सगळ्यांना आठवत असतील: उजाडलं, मळमळतं, गडगडतं, सांजावलं. क्रियाच कर्ता. म्हणून जॉइसचं ते वाक्य मराठीत नेताना मी 'अंधारतंय' एवढाच शब्द ठेवेन. 'आकाश अंधारतंय' असं केलं तर एक कर्ता आत येईल जो जॉइसने ठेवलेला नाही.

स्वतः इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: अहवालात, बातमीत 'डार्कल' वापरू नये, वाचक अडखळेल. कवितेत, कथेत वापरायचं तर ते स्वतःहून घडणाऱ्या अंधाराला किंवा चढत जाणाऱ्या रागाला द्यावं. आणि 'डार्कलिंग' समोर आलं तर आधी लिहिणाऱ्याचं शतक पाहावं, मग आसपासच्या ओळींत अंधार झालेला आहे की होतो आहे ते तपासावं. अर्थ बहुतेक वेळा तिथेच मिळतो.